उसनं नाक

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांकडे काय काय उसनं मागावं याचे काही अलिखित नियम आहेत. वाटीभर साखर, चमचाभर विरजण, शिडी, हातोडी, पाहुणे आले की एखादी गादी, इथपर्यंत माझी काही हरकत नसते. आमच्या गिरगावातल्या चाळीत तर एका बिऱ्हाडानं मुलगी बघायला मंडळी येणार म्हणून समोरच्या बिऱ्हाडातलं भिंतीवरचं घड्याळ नेलं होतं. (ते परत आलं, ती मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा.) पण पंच्याहत्तरी ओलांडलेला बालमित्र सकाळी साडेसातला फोन करून, "तुझं नाक तासभर उसनं हवंय," असं म्हणाला, तेव्हा मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"काय हवंय?"

"नाक. जमलं तर जीभही घेऊन ये. माझ्याकडे आहे, पण एकट्या जिभेचा उपयोग नसतो."

"कशाला?"

"सिगार ओढायचाय."

हा माझा मित्र म्हणजे कप्तान. आता तो कप्तान कधीच नव्हता. मालवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर होता. पण आमच्या चाळीच्या हिशेबात बोटीवर माणसांच्या दोनच जाती. एक कप्तान आणि दुसरी खलाशी. याचा पहिला पगार ऐकल्यावर चाळीनं एकमतानं त्याला कप्तान करून टाकलं, आणि २००९ साली तो निवृत्त झाला तरी ती बढती कुणी काढून घेतली नाही.

त्या काळी बोटीवरची माणसं परदेशातून टेपरेकॉर्डर आणत, अत्तरं आणत, नायलॉनच्या साड्या आणत. कप्तान वह्या आणायचा. साध्या दोनशे पानी वह्या, इथूनच नेलेल्या, फक्त भरून आणलेल्या. प्रत्येक पानावर एका सिगारची कागदी अंगठी चिकटवलेली, खाली बंदराचं नाव, तारीख आणि चार रकाने: बांधणी, जळण, चव, एकंदर. प्रत्येकाला पंचवीस, एकूण शंभर मार्क. शिवाय शेरा. "आरंभी मिरी व ओली माती. मध्ये भाजलेला कोको, चामडे. अखेरीस कडवट, परंतु सभ्य." सिगारला शंभरपैकी मार्क देणारं एक मासिक १९९२ साली अमेरिकेत निघालं. कप्तानाची पहिली वही १९७९ सालची आहे. त्यामुळे ही कल्पना आपलीच चोरली गेली, याविषयी त्याला आजही शंका नाही.

मी या वह्यांची आयुष्यभर टिंगल केली. ज्या माणसानं लहानपणी कारलं खाल्लं नाही तो चामड्याला पंचवीसपैकी एकवीस देतो, हे मला पटत नसे. माझी स्वतःची तंबाखूची कारकीर्द कॉलेजात एक बिडी आणि तिच्यानंतर आलेली उचकी एवढीच. सिगारला मी 'चिरूट' म्हणत असे आणि कप्तान दर वेळी दुखावत असे. चिरूट हा शब्द तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेली वस्तू, त्यावरून आला आणि त्रिचनापल्लीचे चिरूट सगळ्या इंग्रजी मुलखात नावाजलेले होते, हे त्यानं मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. मी एकविसाव्या वेळी पुन्हा चिरूट म्हणे.

तर २०२१ च्या एप्रिलमध्ये कप्तानाला करोना झाला. इस्पितळात न्यावं लागलं नाही. ताप आला, उतरला, चौदा दिवस तो खोलीत कोंडून राहिला, आणि पंधराव्या दिवशी बाहेर आला तो नाक आत विसरून. वास म्हणून येईना. तेव्हा बऱ्याच जणांचा गेला होता आणि बऱ्याच जणांचा परतही आला. याचा आला नाही. महिने झाले, वर्षं झाली. नाकाचे डॉक्टर झाले, लवंग-निलगिरी-लिंबू रोज हुंगायचा व्यायाम झाला. व्यर्थ.

मला वाटायचं, वास जाणं म्हणजे फार काय? उलट डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला ती सोयच. पण एकदा त्याच्याकडे हापूस खात बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "तू आंबा खातोयस. मी गोड ओला कापूस खातोय." गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्या चवी एवढंच जिभेचं खातं, तिखट झोंबतं ते वेगळं. बाकी ज्याला आपण चव चव म्हणतो तो सगळा नाकाचा कारभार, हे मला तेव्हा कळलं. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. वरणावरचं तूप म्हणजे नुसता बुळबुळीतपणा. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, घरभर धूर झाला, आणि हा दोन हातांवर पेपर वाचत बसलेला. तेव्हापासून वहिनी त्याला गॅसजवळ एकटं सोडत नाहीत. चाळीस वर्षं बोटीची इंजिनं सांभाळलेला माणूस, आणि त्याला दुधावर ठेवायची सोय राहिली नाही.

शिल्लक सिगार त्यानं जुन्या बोटकरी मित्रांना वाटून टाकले आणि वह्या माळ्यावर गेल्या. त्यावर तो काही बोलला नाही. मीही काढलं नाही.

तो सकाळचा फोन आला तो यानंतर. मी गेलो, तर टेबलावर माळ्यावरची वही, झाडलेली, आणि शेजारी एकच सिगार. पार्तागास, सेरी डी, नंबर चार. हे नाव तो ज्या स्वरात उच्चारतो त्या स्वरात आमचे शास्त्रीबुवा संकल्प सांगत. २००८ साली बोट हवानाला लागली तेव्हा कॅपिटोलिओच्या भव्य इमारतीमागच्या कारखान्यात, १८४५ सालची परंपरा सांगणाऱ्या घराण्यात, त्यानं असे तीन घेतले होते. एक तिथंच ओढला. वहीत शेरा: "अंगावर येतो. घाई आहे. ८८." दुसरा सात वर्षं मुरवून २०१५ साली. "बसायला लागला. ९१." तिसरा आणखी मुरवायचा होता. त्याचं पान त्यानं तेव्हाच आखून ठेवलं होतं. रकाने रिकामे.

"मी गेल्यावर मुलगा न्यूझीलंडहून येणार आणि हा कचऱ्यात टाकणार," कप्तान म्हणाला. "त्यापेक्षा निकाल लावून टाकू. तू ओढ आणि सांग. मी लिहितो."

"अरे, पण मला काय कळतंय?"

"कळायची गरज नाही. खोटं बोलू नकोस म्हणजे झालं. आणि 'छान' म्हणायचं नाही. छान, मस्त, वा, हे शब्द माझ्या वहीत चालत नाहीत."

घरी आमची ही म्हणाली, "तुम्हांला उदबत्तीचा धूर सहन होत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तंबाखूनं काय होतं ते आता पाकिटांवर चित्रं काढून सांगतात." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच खेळवायचा असतो, असं मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं. "म्हणजे तोंडाला होतं ते होतंच ना?" ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं. मग मी नाकाची हकिगत सांगितली. ती थोडा वेळ भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, "एकच ना? मग जुना सदरा घालून जा."

संध्याकाळी आम्ही त्याच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. वारा होता. वाऱ्यात सिगार एका बाजूनं जळत जातो, म्हणून आडोसा हवा. आडोसा फक्त पाण्याच्या टाकीमागं. तेव्हा पंच्याहत्तरी पार केलेले दोन गृहस्थ टाकीमागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून, सोसायटीच्या सेक्रेटरीची चाहूल घेत, काडेपेटी आणि वही मांडीवर घेऊन बसले. शाळेत असताना हे केलं असतं तर वयाला शोभलं तरी असतं.

सिगार पेटवणं म्हणजे बिडी पेटवणं नव्हे. आधी बंद टोकाची टोपी चिमुकल्या गिलोटीननं उडवायची. जास्त कापली तर वेष्टनाचं पान उलगडत जातं. मग न पेटवताच एकदा ओढायचं.

"काय येतंय?"

"काही नाही. हवा."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. "पेंढा. पावसाळ्याआधी गोठ्याच्या माळ्यावर भरतात तो. आणि... मनुका?"

कप्तान लिहू लागला. आपलं म्हणणं कुणीतरी लिहून घेतंय हा अनुभव मला बँकेतल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी आला नव्हता. माझी छाती थोडी फुगली.

मग लांब लाकडी काडी. ज्योत सिगारला टेकवायची नाही, खाली धरून फिरवायची, पापडाची कड भाजतात तशी. कड लाल झाली की मग ओढायचं. कप्तानानं पहिला झुरका स्वतः घेतला. धूर तोंडात धरला, सोडला. मी त्याच्याकडे बघत होतो.

"गरम हवा," तो म्हणाला. "जरा झोंबतेय. बस." आणि सिगार माझ्याकडे दिला.

मी ओढला. आणि मिरी! सांबारात भिजून सभ्य झालेली नव्हे, खलबत्त्यात आत्ता कुटलेली. ती सांगेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं.

"काळी की पांढरी?" कप्तान लेखणी सरसावून.

"पांढरी मी कधी खाल्लेली नाही. गरिबाची मिरी लिही."

सावकाश ओढ, मिनिटाला एक झुरका, घाई केलीस तर तापेल आणि कडू होईल, असं सांगत मधल्या वेळात त्यानं माझं शिक्षण सुरू केलं. हा सिगार फुल-बॉडीड. मी 'म्हणजे लठ्ठ?' असं विचारलं. लांबी १२४ मिलिमीटर आणि जाडी जवळजवळ २० मिलिमीटर, तेव्हा प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण तसं नसतं. बॉडी म्हणजे धुराचं तोंडात वजन किती जाणवतं ते. ताकाची निवळी आणि आटवलेलं दूध यांत जो फरक तो. ताकद ही वेगळी गोष्ट. ती निकोटीनची. "बॉडी जिभेला कळते. ताकद गुडघ्यांना कळते," कप्तान म्हणाला. हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. सोडायला नको होतं.

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता अबाहो नावाचा भाग आहे, तिथली ही तंबाखू. झाडाची खालची पानं वोलादो, ती चटकन पेटतात. मधली सेको, ती वासाला. अगदी वरची, सगळ्यांत जास्त ऊन खाल्लेली, ती लिखेरो. जाड, तेलकट, दणकट. ती सिगारच्या मधोमध घालतात, कारण ती सर्वांत सावकाश जळतात. आता स्पॅनिशमध्ये लिखेरो या शब्दाचा अर्थ काय? हलका! आमच्या चाळीत अडीच मणांच्या एका गृहस्थांना सगळे 'बारक्या' म्हणत, त्यातलाच प्रकार. आणि वरच्या मजल्यावर बसून भरपूर ऊन खाणारे सर्वांत उशिरा पेटतात हे मला बँकेतही दिसलं होतं. फक्त त्याला शास्त्र असेल अशी कल्पना नव्हती.

सगळ्यांत मला आवडली ती वाचकाची गोष्ट. हवानाच्या कारखान्यात सिगार वळणारे बाया-बापडे रांगेनं बसतात आणि एक जण उंच जागी बसून त्यांना सकाळी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी वाचून दाखवतो. १८६५ पासूनची ही चाल. कप्तानानं स्वतः ऐकलंय. स्पॅनिश कळली नाही, पण कादंबरी रंगात आली होती हे कळलं म्हणे. एका सिगारचं नावच मोंतेक्रिस्तो आहे, द्यूमाच्या त्या कादंबरीवरून. इकडे केरळात, कण्णूरकडच्या बिडी कामगारांतही एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी वळायचं अशी पद्धत होती. आपल्याकडे ती रुजली असती तर एव्हाना 'उषःकाल बिडी' निघाली असती आणि हरिभाऊ आपट्यांचं नाव अशा कोपऱ्याकोपऱ्यावर पोचलं असतं की ज्याचं नाव ते.

मधल्या टप्प्यात मिरी निवली. मला आता सिगार धरण्याची ऐट आली होती. राख इंचभर झाली तरी पडत नव्हती. ती तशी राहणं हे चांगल्या बांधणीचं लक्षण. कप्तानानं चष्मा लावून राखेचं निरीक्षण केलं आणि बांधणीला तेवीस दिले. लगेच ती माझ्या सदऱ्यावर पडली. ही दूरदर्शी बाई आहे.

"आता?"

"कॉफी. पण प्यायची नव्हे. आपल्या नाक्यावरच्या मद्राशाच्या हॉटेलामागं गाळ टाकायचे, तो."

"बरोबर," कप्तान म्हणाला. बरोबर! "अजून?"

"लाकूड. शाळेच्या बाकाचं, करकटकानं कोरल्यावर यायचं तसं. आणि एक... सांगू नये, पण पावसात भिजलेली कोल्हापुरी वहाण."

कप्तानानं लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "लेका, चाळीस वर्षं तू माझ्या चामड्याला हसलास."

मी निमूटपणे पुढचा झुरका घेतला. तो म्हणाला, आता थोडा धूर नाकावाटे सोड. खरी चव तिथं कळते. ज्याचं नाक गेलंय त्यानं हे सांगावं आणि ज्याचं आहे त्याला पंच्याहत्तर वर्षं ते ठाऊक नसावं! मी सोडला. मेंदूला फोडणी बसल्यासारखं झालं. ठसका थांबल्यावर जाणवलं की पाण्याची टाकी किंचित डावीकडे सरकली आहे. कपाळाला घाम आला. उचकी लागली, कॉलेजातली तीच, आवाजावरून ओळखली. गुडघ्यांना निरोप पोचला होता.

कप्तानानं खिशातून पुडी काढली. गुळाचे खडे. "हिनं दिलेत. म्हणाली, भावोजी सहाव्या मिनिटाला पांढरे पडतील. तू पस्तीस मिनिटं काढलीस." गूळ खाऊन, पाणी पिऊन, टाकी जागेवर येईपर्यंत मी डोळे मिटून बसलो. वहिनींनी बोटीवरच्या किती पाहुण्यांना हा गूळ चारला असेल कोण जाणे.

"राहू दे. झालं तेवढं पुरे," तो म्हणाला.

पण पान अर्धं रिकामं होतं. सिगार हातात विझत चालला होता. मी पुन्हा ओढला.

आणि थांबलो. ही चव मला ठाऊक होती. मिरी नव्हे, कॉफी नव्हे. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि नाव आठवू नये, तसं झालं. आणखी एक झुरका घेतला. सकाळ, चाळीची गॅलरी, शाळेची घाई, आणि तोंडावर हात धरून खोकत जिन्याकडे पळणारी दोन पोरं.

"कप्तान," मी म्हणालो, "तुझ्या आजीची मशेरी."

तो काही बोलला नाही.

"सकाळी ती गॅलरीत शेगडी घेऊन बसायची बघ. तव्यावर तंबाखू भाजायची. काळी व्हायला लागली की जो वास सुटायचा, तो. पहिल्यांदा घशाला लागायचा आणि मागनं थोडा गोडसर. तो आहे. अगदी तो."

खाली कुठंतरी कुकरची शिटी झाली. कप्तान वहीकडे बघत होता.

"तवा बिडाचा होता," तो थोड्या वेळानं म्हणाला. "माहेराहून आणलेला. गुहागरचा." मग म्हणाला, "ती मशेरी कुटून डबीत भरायची, आणि बोट माझ्या नाकाशी धरायची. मी शिंकलो की हसायची."

धुरानं चुरचुरत होते ते डोळे माझे. पण चष्मा त्यानं काढून पुसला. मग लेखणी उचलून चवीच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून पाहिलं. आकडा नव्हता. "आजीची मशेरी. बिडाचा तवा," एवढंच होतं.

"मार्क?" मी विचारलं. शेवटी एवढा घाम गाळला होता. एक्क्याण्णवच्या वर गेलो की नाही हे मला कळायला हवं होतं.

"उद्या. परीक्षकाचा रंग हिरवा असताना निकाल लावत नाहीत."

सिगार चिरडून विझवत नाहीत, आपणहून विझू देतात. त्यामुळे आम्ही तो कठड्यावर ठेवून अंधार पडेपर्यंत बसलो. घरी गेल्यावर हिनं दार उघडलं, एक पाऊल मागं गेली आणि म्हणाली, "सदरा बाहेरच काढा." रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरणभाताला वहाणेची चव होती.

सकाळी साडेसातला फोन.

"त्र्याण्णव," कप्तान म्हणाला. "जळणाचे दोन वाऱ्यामुळे गेले. आणि ऐक, गुरुवारी ही फणसाची भाजी करतेय. अकराला ये. नाक घेऊन."

"अरे, मला पडसं झालंय."

"मग शुक्रवारी करायला सांगतो."